चाळीस सह्या आणि एक हिरवी खूण

माझ्या ताईने बनवलेली भरती कितीतरी लोकांच्या फोनमधल्या एका गेममध्ये रोज चढते आणि उतरते. त्या गेममध्ये तिचं नाव मात्र कुठेच नव्हतं. ते नाव मिळवायला ती ज्या साइटवर गेली, तिच्याबद्दल मला जे वाटतं ते मी मऊ करून सांगणार नाही. मऊ लिहायची मला सवय नाही. मी पत्रकं लिहिते. कोपऱ्यावर वाटायची, एका पानाची, वर ठळक अक्षरात 'आमचा सवाल' असं छापलेली.

थळच्या पलीकडे आमचा कोळीवाडा. बाबा डोलीच्या होडीवर जातात, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत डोल नावाचं जाळं उभं करून मासळी पकडतात. आई अलिबागच्या बाजारात विकायला बसते. ताई कॉम्प्युटर शिकली आणि नवी मुंबईतल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर लागली. काम बरंचसं घरूनच. मागच्या खोलीत, जिथे जुनी जाळी ठेवलेली असतात, तिथे तिचं टेबल. खोलीला सुक्या बोंबलाचा वास. व्हिडिओवर बोलताना ती मागे चादर टांगायची.

गेम होडीचा होता. खेळणाऱ्याने जाळं टाकायचं, मासळी काढायची, होडी मोठी करायची. कंपनीच्या मॅनेजरला वाटत होतं, दर पाच मिनिटांनी पाणी वर-खाली झालं की पुरे. ताई म्हणाली, भरती अशी येत नाही. मग खरी तारीख धरून भरती आणायची असं ठरलं, आणि ती बाबांकडे येऊन बसली.

बाबांनी हिशोब दोन वाक्यांत सांगितला. "तिथीची पाऊणपट कर. चौथ असंल तं तीन वाजता भरती, अष्टमी असंल तं सहाला."

"सगळ्या किनाऱ्याला?"

"सगल्या किनाऱ्याचा मना काय ठाव? आपल्याला बरोबर येतं."

ताईने ते गेममध्ये घातलं. पुढचे कितीतरी दिवस बाबा फोन हातात धरून खाडीच्या तोंडाशी उभे राहायचे. फोनमधलं पाणी आणि खाडीतलं पाणी एकाच वेळी वळतंय का बघायचे. मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये, जिथे दुपारी सगळे जाळी सांधायला बसतात, तिथे तो कच्चा गेम प्रत्येकाच्या फोनवर गेला. चुका सांगायला तर आमच्या लोकांना आमंत्रण लागत नाही. "ओहोटीला होडी अशी उभी ऱ्हाते काय गो? कलंडंल ना!" "ही डोल काय उलटी बांधली, तुझ्या सासऱ्यानं बांधली काय?" ताई सगळं लिहून घ्यायची, सुधारायची, पुन्हा दाखवायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी याच माणसांना घेऊन माती खाल्ली.

कॉन्ट्रॅक्ट संपलं. काही महिन्यांनी गेम बाजारात आला. आम्ही तिघी एका फोनवर शेवटची नावांची यादी सरकवत बसलो. मालक, मॅनेजर, त्याचा मॅनेजर, चित्रवाले, आवाजवाले, ऑफिस सांभाळणारे, कुणाच्या तरी दोन मांजरी. मांजरींची नावं होती, बरं का. ताईचं नाव नव्हतं.

आईने विचारलं, "खाली असंल. अजून खाली बघ."

खाली काही नव्हतं. ताईने कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं की कॉन्ट्रॅक्टवाल्यांची नावं टाकायची पॉलिसी नाही. ती "ओके, थँक्यू" म्हणाली. मला तिचा इतका राग आला! कशाचं थँक्यू?

---

मग ती साइट आली. फक्त गेम बनवणाऱ्यांसाठी असलेली. तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीने सांगितलं होतं की नोकरीच्या मोठ्या साइटवर आपलं काम कुणाला कळत नाही, इथे सगळी आपलीच माणसं आहेत, इथे ये. दारावरच लिहिलेलं: 'तुमच्या कामाला ओळखणारे लोक'. असं लिहिणाऱ्यांपासून मी एरवी चार हात लांब राहते. निवडणुकीच्या आधी आमच्या नाक्यावर असेच बोर्ड लागतात.

ताईने प्रोफाइल बनवलं. फोटोसाठी चादर पुन्हा टांगली. कामाच्या यादीत त्या गेमचं नाव टाकलं, तर नावापुढे राखाडी प्रश्नचिन्ह आलं. नियम असा होता की एकतर कंपनीने 'हो, हिने काम केलंय' म्हणायचं, नाहीतर त्या गेमवर काम केलेल्या तिघांनी म्हणायचं. म्हटलं की प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. आणि हिरवी खूण नसेल तर काम शोधणाऱ्यांच्या यादीत तुम्ही कुठल्या कुठे तळाला.

आता मला सांगा, जिने नाव खाल्लं त्याच कंपनीकडे नाव सिद्ध करायला जायचं, हा कुठला न्याय? आणि तिथल्या नोकरीवर असलेली माणसं मालकाच्या डोळ्यांदेखत साक्ष देतील? साइटवर सगळं सगळ्यांना दिसतं. कुणी कुणाला होकार दिला तेसुद्धा.

मी ताईच्या खांद्यावरून ती साइट रोज बघायचे. जो तो दुसऱ्याचं अभिनंदन करतोय. कुणाला तीन वर्षं झाली म्हणून, कुणी नोकरी सोडली म्हणून, कुणाला नोकरीवरून काढलं म्हणून. काढलेला माणूसही लिहितोय, 'या प्रवासाबद्दल मी कृतज्ञ आहे.' आमच्या नाक्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात ना, पंधरा कार्यकर्ते गॉगल लावून, शुभेच्छुक म्हणून, ते परवडले. ते निदान पावसाने फाटतात. इथे कुणी कुणाला 'हे चूक आहे' म्हणत नव्हतं. कंपनीने नाव गाळलं असं लिहिलेलं मी एकाचं वाचलं, दुसऱ्या दिवशी ते गायब.

आईने एकदा विचारलं, "हितं काम देणारी किती नि मागणारी किती?"

ताई म्हणाली, "बहुतेक मागणारीच."

"म्हंजे सगल्या पाट्या घेऊन बसल्यात नि गिऱ्हाईक एक न्हाय. मंग बाजारात कनाला बसता? घरी बसा."

मी टाळी वाजवली. ताईने आम्हा दोघींना खोलीबाहेर काढलं.

पण गिऱ्हाईक आलं. हैदराबादच्या एका कंपनीला पाण्याचं आणि होड्यांचं काम येणारी माणसं हवी होती. घरून काम, पक्की नोकरी. त्यांनी ताईला निवडीच्या बोलण्यासाठी पुढच्या मंगळवारची वेळ दिली आणि खाली एक ओळ: त्याआधी त्या साइटवरच्या प्रोफाइलची लिंक पाठवा, केलेल्या कामाची खात्री झालेली असावी. सहा दिवस होते.

ताईने तीन आठवडे घालवून दोन होकार मिळवलेले होते. एक चित्रं हलवणारा मुलगा, जो अजून त्याच कंपनीत होता आणि तरीही 'हो' म्हणाला. दुसरा आवाजाचं काम करणारा, जो कंपनी सोडून गेला होता. तिसऱ्या एका मुलीशी बोलणं चालू होतं. ती म्हणाली होती, सोमवारी माझा राजीनामा आहे, सोमवारी संध्याकाळी करते.

हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं. मला फक्त प्रश्नचिन्ह दिसत होतं, आणि मी म्हटलं, "मी काहीतरी करते."

"तू यात पडू नकोस," ताई म्हणाली.

---

मी पडले.

त्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल. दोन वर्षांपूर्वी एका बंगलेवाल्याने किनाऱ्याकडे जाणारी आमची वाट भिंत घालून अडवली होती. मासळी वाळत घालायला बायका त्याच वाटेने जायच्या. मी पत्रक लिहिलं, दारोदार फिरून सह्या आणि अंगठे घेतले, आणि ती भेंडोळी घेऊन तहसीलवर बसलो. भिंतीला दार पडलं. तेव्हापासून माझी समजूत अशी पक्की झाली की जगातल्या कुठल्याही भिंतीवर पुरेशा सह्या आपटल्या की दार पडतं.

ताई दोन दिवस माणगावला मैत्रिणीच्या साखरपुड्याला गेली. ती एसटीत बसली आणि मी शेडमध्ये गेले.

मी उभी राहून बोलले. चांगलं बोलले. भरती आपली, हिशोब आपला, चुका काढल्या आपण, आणि नावं कुणाची, तर मांजरींची! शेडमध्ये एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, चला नवी मुंबईला, ऑफिसात पापलेट टाकू. एक काकी म्हणाली, "पापलेट कनाला? कुजका जवला टाक."

मी सांगितलं की कुठे जायचं नाही, प्रत्येकाने फोन काढा.

चाळीस जण होते. मी जवळजवळ प्रत्येकाचा फोन घेऊन साइटवर खातं उघडून दिलं. सोसायटीच्या ऑफिसचं वायफाय होतं. ओटीपी येत होते आणि सगळे एकाच वेळी आकडे ओरडत होते, त्यामुळे तीनदा याचा आकडा त्याच्या फोनात गेला. फोटो लागत होता. एकाने होडीचा टाकला, एका काकांनी एकवीरा आईचा. मग एक रकाना आला: गेमच्या धंद्यात तुमचं काम काय? खाली यादी. यादीत नाखवा नव्हता, तांडेल नव्हता, जाळं सांधणारा नव्हता. 'टेस्टर' होता.

"मी टेस्टर?" शेजारचे काका म्हणाले. "खोटं लिवू नको बाय."

"काका, डोल उलटी बांधली हे कुणी सांगितलं?"

"मी."

"ओहोटीला होडी कलंडते हे?"

"ते याने सांगितलं. पण मी मान हलवली."

"मग तुम्ही टेस्टरच. दोघेही."

एवढं मी आजही छातीठोक सांगते: त्यात खोटं काही नव्हतं. त्या चाळीस माणसांनी तो गेम तपासला होता, कंपनीतल्या कुठल्याही पगारी माणसापेक्षा जास्त. फक्त त्या साइटला अशी माणसं ठाऊकच नव्हती.

संध्याकाळच्या चहापर्यंत चाळीस होकार गेले. मग ताईचं पान उघडलं, तर राखाडी प्रश्नचिन्ह हिरवं झालेलं. शेडमध्ये शिट्ट्या वाजल्या. मी त्या खुणेचा फोटो काढून ताईला पाठवणार होते, तेवढ्यात स्क्रीनवर लाल पट्टी आली. 'असामान्य हालचाल आढळल्यामुळे हे खाते बंद करण्यात आले आहे.' पाठोपाठ शेडमधले फोन एकेक करून वाजायला लागले. सगळ्यांना तोच निरोप.

"झालं काय गो?" काकांनी विचारलं. "जितलो?"

---

ताई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. तिने बॅग खाली ठेवली नाही, खांद्यावर तशीच ठेवून ऐकलं.

"दोन होकार आलेले होते," ती म्हणाली. "तिसरा सोमवारी येणार होता."

"मला सांगितलं असतंस तर..."

"तू यात पडू नकोस, हे सांगितलं होतं."

"चाळीस माणसं उभी राहिली तुझ्यासाठी!"

"तुला चाळीस हवी होती. मला तीन हवी होती." मग बॅग घेऊन ती आत गेली आणि चादर काढून घडी घातली.

तिने साइटला अर्ज केला. यंत्राने उत्तर दिलं. दुसरा अर्ज केला. यंत्राने तेच उत्तर दिलं, वर 'तुमचा अनुभव कसा होता?' म्हणून पाच चांदण्या पाठवल्या. शेवटी एक निरोप आला की खातं उघडायचं असेल तर ज्या कंपनीत काम केलं तिच्या ईमेलवरून पत्र आणा. म्हणजे फिरून तिथेच, जिथून आम्ही निघालो होतो. त्या चित्रवाल्या मुलाने नोकरी धोक्यात घालून दिलेला होकारही त्या खात्याबरोबर गेला. ज्यांनी ही साइट बांधली त्यांना माणसाच्या भीतीची किंमत ठाऊक नाही, असं मी तेव्हा म्हटलं. ताई म्हणाली, "ती तर तुलाही नव्हती."

सोमवारी हैदराबादहून विचारणा आली: लिंक उघडत नाही. ताईने खरं काय ते लिहिलं, गेमची चित्रफीत जोडली, भरतीचा हिशोब समजावून दिला. त्यांनी आभार मानले आणि पुढच्या वेळी नक्की विचार करू असं कळवलं. मंगळवार तसाच गेला.

त्यानंतर ताई माझ्याशी बोलेना. जे असेल ते आईमार्फत. "तिला सांग, चार्जर हवाय." मी समोरच बसलेली असायचे. आई म्हणायची, "मी काय तुमचा टपाल हाय?" आणि तरी सांगायची.

मी पत्रक लिहिलं. त्या साइटविरुद्ध, दोन बाजू भरून, मथळा 'ओळखपत्र मागणारे तुम्ही कोण?'. छापायच्या आधी ते ताईच्या टेबलावर ठेवलं. सकाळी परत मिळालं, पेन्सिलने खुणा केलेलं. एका ठिकाणी मी लिहिलं होतं की या साइटवर एकही माणूस दुसऱ्याच्या मदतीला येत नाही. तिने ती ओळ खोडून शेजारी लिहिलं होतं: 'खोटं. दोघे आले होते.' मी ते पत्रक छापलं नाही. त्या ओळीशिवाय ते उभं राहत नव्हतं, आणि ती ओळ मला ठेवता येत नव्हती.

आणि एक गंमत राहिली. चाळीसपैकी एक खातं बंद झालंच नाही. बाबांचं. शेडमध्ये गलका नको म्हणून ते बंदरावर होडीपाशी जाऊन बसले होते, शेडच्या वायफायऐवजी आपल्या फोनच्या नेटवर स्वतःच खातं उघडलं होतं, आणि कामाच्या रकान्यात यादी सोडून 'इतर' निवडून 'डोलकर' असं लिहिलं होतं. ताईचं खातं गेलं, बाबांचं राहिलं. साइट त्यांना दर सोमवारी अभिनंदन पाठवायची. मग परदेशातल्या कुणाचा तरी निरोप आला.

"हा कोण मला जोडून घ्या म्हणतो," बाबा म्हणाले. "घेऊ?"

"घ्या," आई म्हणाली. "घरातली पोर तोडली, तुम्ही तरी जोडून घ्या. जल्लं त्यांचं ते हिरवं."

---

नवी मुंबईच्या कंपनीचा फोन आला तेव्हा आम्ही चौघं अंगणात करदी, म्हणजे बारीक कोळंबी, साफ करत बसलो होतो. ताईचे हात भरलेले होते म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला. तोच मॅनेजर. आवाजात मध.

"अगं, कशी आहेस? एक छोटासा बग आहे. पाच मिनिटं देशील?"

गेममध्ये दर पंधरवड्याला तीन-चार दिवस जाळं रिकामं येत होतं. पाण्याला ओढच नसायची, होडी नुसती डुलायची. खेळणारे चिडून शिव्या लिहीत होते, चांदण्या खाली जात होत्या. कंपनीतल्या दोघांनी आठवडाभर शोधलं, काही सापडलं नाही.

"कुठले दिवस?" ताईने विचारलं.

त्याने तारखा सांगितल्या. बाबा करदी निवडता निवडता बोटांवर मोजत होते. मोजून झालं तसे ते हसायला लागले, आणि मान खाली घालून हळूच म्हणाले, "अष्टमी. भांग हाय तो."

आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला जोर, डोल भरून येते. अष्टमीच्या आगेमागे भांग, पाणी मेल्यासारखं. त्या दिवसांत डोलीच्या होड्या जातच नाहीत, वर ओढून ठेवतात, आणि माणसं शेडमध्ये बसून जाळी सांधतात. ताईने तिथीवर भरतीची वेळ आणि पाण्याचा जोर दोन्ही बांधले तेव्हा भांगही आपोआप आला. शेडमध्ये सगळ्यांनी कच्चा गेम महिनाभर खेळला, शंभर चुका काढल्या, पण भांगाला जाळं रिकामं येतं ही चूक आहे असं एकालाही वाटलं नाही. ताईलाही नाही. काम सोपवताना तिने कंपनीला सगळं लिहून दिलं होतं, एवढं सोडून. जे सगळ्यांना ठाऊकच आहे ते कोण लिहितं? आणि कंपनीत सलग पंधरा दिवस कुणी खेळून बघितलंच नव्हतं.

ताईला हे क्षणात कळलं. मलाही. मी तोंड उघडलं. 'आमचा सवाल' जिभेवर तयार होता, मांजरींसकट. ताईने करदीने माखलेल्या हाताने माझं मनगट धरलं.

"तो बग नाही," ती फोनला म्हणाली.

"मग काय आहे?"

"गेममध्ये माझं नाव टाका. मग सांगते."

"अगं, ते पॉलिसीचं... मी बोललो होतो ना तुला. एवढ्याशा गोष्टीसाठी—"

"मग ते असू दे. दोन दिवसांत आपोआप बरं होईल."

"खरंच?"

"हो. पंधरा दिवसांनी पुन्हा येईल."

तिने कोपराने फोन बंद केला. तिने माझं मनगट मात्र लगेच सोडलं नाही.

दोन दिवसांनी गेम बरा झाला. कंपनीने कुठेतरी काहीतरी बदलून बघितलेलं असणार, आणि त्यांना वाटलं असणार की सुटलं. बाबा रोज सकाळी तिथ मोजायचे, जशी ते रोजच मोजतात, फक्त आता मोठ्याने. "आज पंचमी." "आज षष्ठी." आई म्हणायची, "परीक्षेचा निकाल लागल्यागत काय चाललंय." पुढच्या अष्टमीला दुपारी फोन वाजला. या वेळी मॅनेजर नव्हता, त्याचा मॅनेजर होता. पॉलिसीचा विषय त्याने काढलाच नाही.

ताईने तोंडी काही सांगितलं नाही. आधी लेखी घेतलं. नाव कुठे येईल, कुठल्या कामापुढे येईल, मांजरींच्या वर की खाली. मग तिने एका परिच्छेदात भांग समजावून दिला आणि सांगितलं की काढून टाकू नका, सांगून टाका. त्या दिवसांत खेळणाऱ्याला काय दाखवायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी घासून झिजलेली नायलॉनची दोरी बाजूला ठेवली, थोडा विचार केला आणि सांगितलं.

---

नोकरी गेली ती गेली. हैदराबादवाल्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. त्या चित्रवाल्या मुलाने आता कंपनी सोडलीय. ताईला त्याने एका ठिकाणाहून सहा महिन्यांचं काम मिळवून दिलं, साध्या फोनवर, दोन वाक्यांत. साइटवर ताईचं खातं अजून बंद आहे. गेममध्ये नाव आल्यावर तिने एकदा अर्ज करून पाहिला. यंत्राने पाच चांदण्या पाठवल्या.

कॉलेजातल्या मुली मला विचारतात की अशा साइटवर जावं का. मी म्हणते, जायचं तर जा, दोन माणसं भेटतील, त्यांचे फोन नंबर घ्या आणि बाहेर या. खुणेसाठी थांबू नका. ज्या बाजाराचा मालक 'तू कोळीण आहेस हे आधी त्या दलालाकडून लिहून आण' म्हणतो, तिथे पाटी उतरवायची नाही. हे मी पत्रकात लिहिलं तर ताई खोडणार नाही, असं मला वाटतं. विचारलं नाहीये अजून.

नाव आलं तो दिवस भांगाचा होता, म्हणून सगळे शेडमध्येच होते. ताईने फोन माझ्या हातात दिला.

"वाच," ती म्हणाली. आईला मध्ये न घालता.

मी गेम उघडला. पाणी मेल्यासारखं होतं, होडी वाळूवर. वर बाबांचं वाक्य आलं: 'आज भांग आहे. होडी वर ओढा, जाळी सांधा.' शेडमध्ये पुन्हा शिट्ट्या. मग मी नावांच्या यादीत गेले. भरती-ओहोटी, आणि पुढे माझ्या बहिणीचं पूर्ण नाव. मांजरींच्या वर.

"आमची?" काकांनी विचारलं. "टेस्टर म्हणून?"

"चाळीस नावं टाकायला कंपनीवाले नाही म्हणाले," ताई म्हणाली. "मी मागितली होती."

काकांनी जाळ्याची गाठ ओढून घट्ट केली. "मंग त्या साइटवरना आमचे नंबर काढ बाय. रोज कोन कोन फोन करतो, विंग्रजीत."

ताईने माझ्याकडे बोट केलं. "ती काढेल. एकेकाचा. तिनेच भरलेत."

खातं काढून टाकायचं बटण त्या साइटने असं लपवून ठेवलंय की सात दारं उघडावी लागतात, आणि प्रत्येक दाराशी 'खरंच जायचंय का?' विचारतात. बंद केलेलं खातं काढायला तर आधी अर्ज. मी रोज दुपारी शेडमध्ये जाऊन बसते आणि दोन-तीन काढते. अकरा उरलेत. बारावं बाबांचं, पण ते म्हणतात, माझं राहू दे, एकाने भरतीचं विचारलंय, त्याला अजून उत्तर द्यायचंय.